ग्रीक कोणाला म्हणायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक लोकांची ओळख, भाषा, धर्म आणि जगभर पसरलेल्या त्यांच्या वस्त्या यांविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत. पुढे अपवाद आणि अडचणीची प्रकरणे येतात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आलेला असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रीक म्हणजे नेमके कोण? ग्रीसचे नागरिक, ग्रीक बोलणारे, की एका वंशाचे लोक?

तिन्ही उत्तरे प्रचलित आहेत आणि त्यांपैकी एकही पुरेसे नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार ग्रीसची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख आहे; परंतु सायप्रस, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी येथेही स्वतःला ग्रीक म्हणवणारे लक्षावधी लोक राहतात, आणि खुद्द ग्रीसमध्ये स्वतःला ग्रीक न म्हणवणारे नागरिकही आहेत. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटसने अथेन्सकरांच्या तोंडी ग्रीकपणाच्या चार खुणा घातल्या: एक रक्त, एक भाषा, समान देवस्थाने व यज्ञ, आणि सारखे रीतिरिवाज. पुढच्याच शतकात अथेन्सचा वक्तृत्वशिक्षक आयसोक्रॅटिस याने ‘ग्रीक’ हे नाव वंशापेक्षा शिक्षणाने मिळते असे मांडले, म्हणजे हा वाद आजचा नव्हे. या पानावरील बहुतेक अवघड प्रश्नांचे मूळ एकच आहे. रक्त, भाषा, धर्म आणि नागरिकत्व या कसोट्या लावल्या, की प्रत्येक वेळी वेगळी माणसे आत येतात आणि वेगळी बाहेर राहतात. आणि कोणत्या काळी कोणती कसोटी लावायची, हे बहुधा राज्यकर्त्यांनी ठरवले आहे. म्हणून ‘अमुक माणूस ग्रीक आहे का’ या प्रश्नाआधी ‘कोणाच्या हिशेबाने’ हे विचारून घ्यावे, असे आम्ही सुचवू.

२. ते स्वतःला ‘ग्रीक’ म्हणतच नाहीत, हे खरे आहे का? आणि आपल्याकडचे ‘यवन’ कोण?

खरे आहे. ते स्वतःला ‘एलिनेस’ आणि देशाला ‘एलाडा’ म्हणतात. ‘ग्रीक’ हे नाव रोमन लोकांच्या लॅटिनमधून युरोपभर गेले. आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कीच्या) किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांशी इराणी लोकांचा प्रथम संबंध आला, त्यांनी सर्वच ग्रीकांना ‘यौन’ म्हटले, आणि संस्कृतातला ‘यवन’ व पालीतला ‘योन’ त्याच नावावरून आले. तुर्क आजही ग्रीसला ‘युनानिस्तान’ म्हणतात.

आणखी एक नाव मात्र कमी माहीत असते. बायझंटाईन साम्राज्यातील, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) ही राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यातील, ग्रीकभाषक ख्रिस्ती स्वतःला ‘रोमन’ म्हणवत, कारण ते साम्राज्य स्वतःला रोमचाच वारस मानत होते. ‘एलिन’ या शब्दाचा अर्थ त्या काळी मूर्तिपूजक असा होऊन बसला होता. ऑटोमन काळात हीच ओळख ‘रोमिओस’ या नावाने टिकली. १९१२ मध्ये ग्रीक नौदलाने लेम्नोस बेट घेतले, तेव्हा सैनिकांना न्याहाळायला जमलेल्या मुलांना त्यांनी विचारले, काय पाहता? मुले म्हणाली, एलिनेस पाहतो. तुम्ही स्वतः एलिनेस नाही का, असे विचारल्यावर उत्तर आले, नाही, आम्ही रोमन. त्या बेटावर जन्मलेले बायझंटाईन इतिहासाचे अभ्यासक पीटर खरानिस ही आठवण सांगत असत.

३. आजचे ग्रीक हे पेरिक्लीझ आणि सॉक्रेटिस यांचेच वंशज आहेत का?

काही अंशी होय, पण सरळ रेषेत नव्हे. सहाव्या-सातव्या शतकांत बाल्कनमध्ये स्लाव्ह टोळ्या आल्या आणि त्यांपैकी अनेक ग्रीस भागात स्थायिक झाल्या; मध्ययुगाच्या अखेरीस अल्बेनियन भाषा बोलणारे आर्वानाइट्स आले. १८३० मध्ये फालमेरायर या जर्मनभाषक इतिहासकाराने आजच्या ग्रीकांत प्राचीन रक्ताचा थेंबही उरलेला नाही असे जाहीर केले, आणि ग्रीक इतिहासलेखनाचा पुढचा मोठा काळ त्याला उत्तर देण्यात गेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार आजच्या ग्रीकांचे कांस्ययुगीन मायसीनियन लोकांशी स्पष्ट साम्य दिसते, मात्र मधल्या काळात मिश्रणही झालेले आहे. फालमेरायर चुकला आणि शुद्ध रक्ताचा दावा करणारेही चुकले.

रक्ताची कसोटी किती तोकडी आहे, हे पाहण्यासाठी ऑटोमन सत्तेविरुद्धच्या १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाकडे पाहणे पुरेसे आहे. नौदलाचा सेनानी मियाउलिस आणि स्वतःच्या जहाजांसह लढलेली बुबुलिना ही दोघेही आर्वानाइट समाजातील. इद्रा आणि स्पेत्सेस या त्यांच्या बेटांवर घरची बोली अल्बेनियन होती, आणि त्यांच्या ग्रीकपणाबद्दल ग्रीसमध्ये कोणालाही शंका नाही.

४. आजच्या ग्रीक माणसाला प्राचीन ग्रीक वाचता येते का?

शिकल्याशिवाय नाही. ग्रीक भाषेचा लिखित इतिहास मात्र थक्क करणारा आहे: क्नोसोस आणि पायलोस येथील मातीच्या पाट्यांवरील ‘लिनिअर बी’ लिपी मायकल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली, तेव्हा ती इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकांतली ग्रीक निघाली. फिनिशियन लिपीवरून घडवलेली वर्णमाला इ.स.पू. आठव्या शतकापासून वापरात आहे; आज तिच्यात २४ अक्षरे आहेत.

आजचा सुशिक्षित ग्रीक बायबलमधील नव्या कराराची ग्रीक बऱ्याच अंशी समजू शकतो, कारण चर्चमध्ये तीच कानावर पडते. प्राचीन कवी होमर किंवा इतिहासकार थ्युसिडिडीझ मात्र शाळेत शिकवावे लागतात आणि ते बहुतेक मुलांना जड जातात. उच्चार खूप बदलले आहेत. पूर्वी वेगळे असलेले अनेक स्वर आणि जोडस्वर आज ‘ई’ असेच उच्चारले जातात, पण लिहिताना सहा वेगवेगळ्या प्रकारे लिहिले जातात, त्यामुळे तेथील मुलांच्या वह्या पाहून आपल्याकडच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची आठवण व्हावी. जाता जाता एक सूचना: ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे होय आणि ‘ओही’ म्हणजे नाही. मराठी कानाला पहिला शब्द हमखास नकारार्थी वाटतो.

५. ग्रीकांच्या दोन भाषा होत्या आणि त्यांवरून अथेन्समध्ये माणसे मेली, हे काय प्रकरण आहे?

नवे राष्ट्र उभे राहिले तेव्हा त्याची लेखी भाषा कोणती असावी, हा प्रश्न होता. आदामांतिओस कोराइस या विद्वानाने बोलीतून परकीय शब्द काढून ती प्राचीन वळणावर न्यावी असा मार्ग सुचवला. त्यातून ‘काथारेवुसा’ म्हणजे शुद्ध केलेली भाषा घडली आणि ती कचेऱ्या, न्यायालये, वर्तमानपत्रे यांची भाषा झाली. लोक बोलत होते ती ‘दिमोतिकी’. ‘अक्रोपोलिस’ या वर्तमानपत्राने बायबलमधील शुभवर्तमानाचे दिमोतिकीतील भाषांतर छापल्यावर नोव्हेंबर १९०१ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आठ जण मारले गेले, आणि पंतप्रधान व अथेन्सचे मेट्रोपॉलिटन (मुख्य बिशप) या दोघांनाही पद सोडावे लागले. १९११ च्या राज्यघटनेने अधिकृत भाषेला संरक्षणच दिले.

१९६७ ते १९७४ या काळातील लष्करशाहीने काथारेवुसाचा इतका आग्रह धरला, की ती राजवट कोसळल्यावर त्या भाषेची पतही उरली नाही. १९७६ मध्ये शिक्षणात दिमोतिकी आली, १९८२ मध्ये प्राचीन स्वरचिन्हांऐवजी एकच चिन्ह ठेवण्यात आले. जुन्या भाषेचे अवशेष पाट्यांवर दिसतात: बेकरीच्या दारावर ‘आर्तोपिईओ’ असे लिहिलेले असते, त्यातला ‘आर्तोस’ हा पावासाठीचा जुना, चर्चमधला शब्द, आत जाऊन गिऱ्हाईक मागते ते ‘प्सोमी’.

६. ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक यांत फरक काय? ग्रीकांचा पोप कोण?

ग्रीकांना पोप नाही. पूर्व आणि पश्चिम चर्चमधील फुटीचे वर्ष १०५४ असे सांगितले जाते, जरी दुरावा त्याआधी आणि नंतरही शतकानुशतके वाढत होता. मतभेदाचे मुख्य मुद्दे दोन: रोमच्या बिशपचा सर्वाधिकार, आणि पवित्र आत्मा केवळ पित्यापासून येतो की पुत्रापासूनही, हा श्रद्धासूत्रातील शब्दांचा वाद. व्यवहारात दिसणारा फरक असा, की विवाहित पुरुष ऑर्थोडॉक्स धर्मगुरू होऊ शकतो, बिशप मात्र अविवाहितांतूनच निवडला जातो.

इस्तंबूलच्या फनार भागात राहणारे पॅट्रिआर्क हे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखांमध्ये समानांतील पहिले मानले जातात. १९९१ पासून या पदावर बार्थोलोम्यू आहेत. ते तुर्कीचे नागरिक आहेत, कारण तुर्की कायद्यानुसार ती अट आहे. ग्रीसच्या चर्चने १८३३ मध्ये स्वतःला स्वतंत्र जाहीर केले आणि पॅट्रिआर्कने त्यास १८५० मध्ये मान्यता दिली. तरीही क्रीटचे चर्च अर्धस्वायत्त आहे, दोदेकानिस बेटे थेट पॅट्रिआर्कच्या अखत्यारीत आहेत, आणि २० मठांचा आथोस पर्वत, जेथे स्त्रियांना प्रवेश नाही, हा स्वतंत्र कारभार आहे. एवढ्याशा देशात धार्मिक अधिकाराच्या इतक्या वेगवेगळ्या रचना का, याचे उत्तर साधे आहे: हे प्रदेश ग्रीसमध्ये वेगवेगळ्या वर्षी आले आणि येताना आपापली व्यवस्था घेऊन आले.

७. ग्रीस हे धार्मिक राष्ट्र आहे का?

राज्यघटना पवित्र त्रैक्याच्या नावाने सुरू होते, तिचे तिसरे कलम ऑर्थोडॉक्स पंथाला ‘प्रचलित धर्म’ म्हणते, आणि धर्मगुरूंचे पगार सरकारी तिजोरीतून होतात. पण तीच घटना धर्मस्वातंत्र्य देते, नागरी विवाह १९८२ पासून आहे, आणि २०२४ मध्ये चर्चचा विरोध असताना संसदेने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. सर्वांत मोठा संघर्ष २००० मध्ये झाला: ओळखपत्रावरील धर्माची नोंद सरकारने काढून टाकली, तेव्हा आर्चबिशप ख्रिस्तोदुलोस यांनी प्रचंड सभा घेतल्या आणि लक्षावधी सह्या गोळा केल्या. सरकारने माघार घेतली नाही.

८. ग्रीकांचा ईस्टर वेगळ्या तारखेला का येतो?

ईस्टरची गणना ते अजूनही जुन्या ज्युलियन पंचांगावरून करतात. २०२४ मध्ये पाश्चात्त्य ईस्टर ३१ मार्चला होता आणि ग्रीकांचा ५ मेला. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिललाच आले. नाताळ मात्र ते २५ डिसेंबरलाच करतात, कारण १९२४ मध्ये स्थिर सणांसाठी चर्चने सुधारित पंचांग स्वीकारले. ज्यांनी तो बदल मानला नाही, ते ‘जुन्या पंचांगाचे’ म्हणून आजही वेगळे आहेत आणि नाताळ १३ दिवस उशिरा करतात. ग्रीसमधील कॅथलिक मात्र शेजाऱ्यांबरोबर ऑर्थोडॉक्स तारखेलाच ईस्टर करतात.

ईस्टर हाच ग्रीकांचा खरा मोठा सण. शनिवारी मध्यरात्री चर्चमधले दिवे मालवतात, अंधारात एका ज्योतीवरून हातोहात मेणबत्त्या पेटत अंगणापर्यंत येतात, आणि ‘ख्रिस्तोस आनेस्ती’ म्हणजे ख्रिस्त उठला हे गायन सुरू होते. ती ज्योत घरापर्यंत न विझता नेऊन उंबरठ्याच्या वरच्या चौकटीवर धुराने क्रूस काढायचा, मग कोकराचे काळीज-आतडी, लेट्यूस आणि शेपू घालून केलेले, अंडे-लिंबू लावलेले ‘मायिरित्सा’ सूप पिऊन उपवास सोडायचा, आणि लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटायची. चर्चला वर्षभर न फिरकणारेही त्या रात्री जातात.

९. १९२३ च्या ‘अदलाबदली’त काय झाले? तिचा उल्लेख सतत का येतो?

कारण आजच्या ग्रीसची घडण त्या करारातून झाली. १९१९ ते १९२२ च्या युद्धात ग्रीक सैन्याचा आशिया मायनरमध्ये पराभव झाला, सप्टेंबर १९२२ मध्ये स्मिर्ना (आजचे इझमीर) शहर जळाले, आणि लक्षावधी ख्रिस्ती समुद्रमार्गे पळाले. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे ग्रीस आणि तुर्की यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. त्या परिषदेत ब्रिटनच्या बाजूने लॉर्ड कर्झन होते, बंगालची फाळणी करणारे तेच. या सक्तीच्या उपायावर त्यांनी कडक टीका केली, पण तो थांबला नाही. आधी पळून आलेले धरून सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन ते चार लाख मुस्लिम तुर्कीत गेले.

कसोटी धर्म ही होती, भाषा नव्हे. कॅपाडोशियातील ‘करमानली’ ख्रिस्ती घरात तुर्कीच बोलत आणि ती ग्रीक अक्षरांत लिहीत. ते ग्रीक ठरले. क्रीटमधील मुस्लिमांची मातृभाषा ग्रीक होती. ते तुर्क ठरले. ग्रीसमध्ये आलेल्या निर्वासितांना स्थानिक लोक ‘तुर्काचे बीज’ म्हणून हिणवत. अथेन्सचे निआ स्मिर्नी हे उपनगर आणि एईके व पाओक हे फुटबॉल संघ निर्वासितांनी वसवले आणि उभारले. दोन्ही संघांच्या नावांतील ‘के’ हा कॉन्स्टँटिनोपलचा आहे.

इस्तंबूल, इम्ब्रोस व तेनेदोस येथील ग्रीक आणि ईशान्य ग्रीसच्या पश्चिम थ्रेसमधील मुस्लिम यांना करारातून वगळले होते. पण १९५५ च्या सप्टेंबरमधील दंगली आणि १९६४ मधील हकालपट्टी यांमुळे इस्तंबूलचे ग्रीकही ओसरले. आता तेथे अवघे काही हजार उरले आहेत.

१०. मुस्लिम किंवा ज्यू माणूस ग्रीक असू शकतो का?

नागरिक म्हणून निश्चितच. पश्चिम थ्रेसमध्ये, विशेषतः कोमोतिनी आणि क्सांथी या शहरांच्या परिसरात, लोझानच्या तहाने संरक्षित मुस्लिम अल्पसंख्याक आहेत: तुर्कीभाषक, स्लाव्ह बोली बोलणारे पोमाक, आणि रोमा. ग्रीक सरकार त्यांना ‘मुस्लिम अल्पसंख्याक’ म्हणते, त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःला ‘तुर्क’ म्हणवतात, आणि या एका शब्दावरून न्यायालयीन लढे झाले आहेत. कौटुंबिक बाबींत त्यांना मुफ्तीकडे शरियतनुसार निवाडा मागता येतो. २०१८ पासून तो ऐच्छिक आहे.

ज्यूंमध्ये दोन परंपरा होत्या: योआनिनासारख्या गावांतील, प्राचीन काळापासून ग्रीक बोलणारे रोमानिओट, आणि स्पेनमधून हद्दपार होऊन थेसालोनिकीत आलेले सेफार्दी, ज्यांची भाषा लादिनो होती. १९४३ मध्ये थेसालोनिकीचे बहुतेक सर्व ज्यू ऑशविट्झला नेऊन मारले गेले. सिरोस आणि तिनोस या बेटांवर व्हेनिसच्या काळापासूनचे कॅथलिक ग्रीक आहेत.

उलट बाजूही पाहावी. तुर्कीच्या त्राब्झोन प्रदेशातील काही दऱ्यांत मुस्लिम लोक ‘रोमेयिका’ ही ग्रीक बोली बोलतात आणि स्वतःला तुर्क मानतात. सीरियातील हमिदिया गावात क्रीटहून गेलेल्या मुस्लिमांचे वंशज ग्रीक बोलत आले आहेत. भाषेच्या कसोटीवर हे सगळे ग्रीक ठरतील. त्यांना ते नाव लावण्याचा अधिकार इतरांना आहे, असे आम्हाला वाटत नाही.

११. आडनावावरून माणूस कुठला हे ओळखता येते का?

अंदाज बांधता येतो. ‘-आकिस’ म्हणजे बहुधा क्रीट, ‘-पुलोस’ म्हणजे पेलोपोनीस, ‘-आतोस’ म्हणजे केफालोनिया, ‘-इदिस’ म्हणजे काळ्या समुद्राकाठचा पाँटस, ‘-ओग्लू’ म्हणजे आशिया मायनर. आरंभी ‘पापा-’ असल्यास पूर्वज धर्मगुरू होता, ‘हाद्झी-’ असल्यास जेरुसलेमची यात्रा केलेला. हा शब्द हाजींकडूनच आलेला आहे. स्त्रीचे आडनाव षष्ठीत येते, म्हणून पापादोपुलोसची मुलगी पापादोपुलू. १९८३ पासून कायद्याने लग्नानंतर तिचे आडनाव बदलत नाही. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव ठेवण्याची रीत अजून चालते, त्यामुळे एकाच घरात एका नावाचे चार चुलतभाऊ सापडतात.

१२. सायप्रसचे लोक ग्रीक आहेत की सायप्रियट?

बहुसंख्य लोक दोन्ही म्हणवतात. त्यांची बोली अथेन्सच्या ग्रीकहून बरीच वेगळी, चर्च पाचव्या शतकापासून स्वतंत्र, आणि राष्ट्रगीत मात्र ग्रीसचेच. १९६० मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात १९७४ च्या जुलैमध्ये अथेन्सच्या लष्करशाहीने उठाव घडवला, पाच दिवसांनी तुर्की सैन्य उतरले, आणि बेट आजवर विभागलेले आहे. १९६० च्या घटनेने प्रत्येक नागरिकाला ग्रीक किंवा तुर्की समाजात नाव घालण्यास सांगितले होते. तेव्हा मॅरोनाइट, आर्मेनियन आणि लॅटिन ख्रिस्ती या तिन्ही समाजांनी ग्रीक बाजू निवडली. त्यामुळे कागदोपत्री ‘ग्रीक समाजात’ आर्मेनियनही आहेत.

१३. परदेशातील ग्रीक कुठे आणि का गेले?

व्यापारासाठी, उपासमारीमुळे आणि युद्धांमुळे, अशा वेगवेगळ्या लाटांत गेले. १८१४ मध्ये स्वातंत्र्ययुद्धाची तयारी करणारी ‘फिलिकी एतेरिया’ ही गुप्त संघटना स्थापन झाली तीच मुळी ओडेसाच्या व्यापारी ग्रीकांत. इजिप्तमधील अलेक्झांड्रियातील समाज, ज्यात कवी कावाफिस (१८६३–१९३३) जन्मला, अध्यक्ष नासरच्या काळात ओसरला. १९६० च्या करारानंतर कामगार जर्मनीला गेले, आणि २०१० नंतरच्या आर्थिक संकटात डॉक्टर-अभियंते गेले. अमेरिकेत सुमारे १२ लाख लोक आपले मूळ ग्रीक सांगतात, ऑस्ट्रेलियात ४ लाखांहून अधिक, आणि त्यांत मेलबर्नचा वाटा मोठा आहे.

फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्स हे गाव विशेष आहे: कालिम्नोस, सिमी, हाल्की या बेटांवरचे पाणबुडे १९०५ च्या सुमारास समुद्रातले स्पंज काढण्यासाठी तेथे आले. दर ६ जानेवारीला बिशप पाण्यात पांढरा क्रूस टाकतात आणि किशोरवयीन मुले तो काढण्यासाठी उड्या घेतात; ज्याच्या हाती लागेल, त्याचे वर्ष चांगले जाते अशी श्रद्धा आहे.

१४. भारताशी ग्रीकांचा संबंध अलेक्झांडरपाशीच संपतो का?

नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेचा ग्रीक दूत हेलिओडोरस याने विदिशेजवळ वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथील लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. त्यांतील बहुतेकांची नावे भारतीय आहेत, त्यामुळे ते जन्माने ग्रीक होते की पश्चिमेकडील कोणीही, हे निश्चित म्हणता येत नाही.

आधुनिक काळात अथेन्सचा दिमित्रिओस गालानोस (१७६०–१८३३) कोलकात्यातील ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला आला, नंतर वाराणसीत राहिला, भगवद्गीता आणि भर्तृहरी ग्रीकमध्ये नेले, आणि तेथेच वारला. कोलकात्यात काळीघाटजवळ ग्रीक चर्च आजही उभे आहे. खिऑस बेटावरील राली कुटुंबाच्या पेढीची भारतात मोठी उलाढाल होती. महाराष्ट्रातील शेतकरी ज्या ‘रॅलीज’ कंपनीची कीटकनाशके वापरतो, आणि जी आता टाटा समूहात आहे, तिचे नाव त्याच कुटुंबाचे.

१५. ग्रीसमध्ये जन्मलेला परदेशी आईवडिलांचा मुलगा ग्रीक होतो का? आणि परदेशी जन्मलेला, भाषा न येणारा नातू?

नातवाचे काम सोपे आहे: ग्रीक कायद्यात नागरिकत्व मुख्यतः वंशाने मिळते, त्यामुळे आजोबांची नोंद एखाद्या नगरपालिकेत सापडली, की भाषा येत नसली तरी मार्ग मोकळा होतो. ग्रीसमध्ये जन्मून तेथेच वाढलेल्या मुलाचे काम अवघड होते. बास्केटबॉलपटू यानिस आंतेतोकुंपो १९९४ मध्ये अथेन्समध्ये नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मला, पण त्याला नागरिकत्व मिळाले २०१३ मध्ये, अमेरिकेतील व्यावसायिक संघांची दारे उघडण्याच्या वेळी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रीसचा ध्वज धरणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. २०१५ च्या कायद्याने ग्रीक शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र वाट केली. आयसोक्रॅटिसची शिक्षणाची कसोटी (प्रश्न १) तेवढ्यापुरती कायद्यात आली, असे म्हणता येईल.

सर्वांत अवघड अपवाद मात्र वेगळाच आहे. १९४६–४९ च्या यादवी युद्धात हरलेले कम्युनिस्ट ताश्कंद आणि पूर्व युरोपात गेले, आणि त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९८२ मध्ये सरकारने त्यांना परतण्याची परवानगी दिली, पण ती ‘वंशाने ग्रीक’ असलेल्यांनाच होती. ग्रीसच्याच उत्तरेकडील खेड्यांत जन्मलेले, त्याच बाजूने लढलेले, पण घरात स्लाव्ह मॅसेडोनियन बोलणारे निर्वासित त्या परवानगीबाहेर राहिले.